एक्केचाळिसावी खुंटी

"चार मिनिटं वीस सेकंद!" सुभेदार रणपिसे हातातलं घड्याळ आमच्या नाकापुढे नाचवत ओरडले. "ही कवायत होती का नवरीची पाठवणी?"

मातीच्या बंधाऱ्यापलीकडे, चिंचेखाली आम्ही बायका रांगेत उभ्या होतो. रांग म्हणायची आपली पद्धत म्हणून. कलावती पठारे अजून बांगड्या चढवत होती. तिच्या शेजारची तोंडात धरलेली पिन काढून पदराला लावत होती. अंगात पांढरे डगले, डोक्याला टोप्या आणि त्या डगल्यांवर चाळीस जणींची चाळीस मंगळसूत्रं ऊन खात होती.

"सायेब, पाठवणीला यापरीस जास्त वेळ लागतो," कलावती म्हणाली.

रांगेत खसखस पिकली. सुभेदार हसले नाहीत. निवृत्त होऊन कारखान्यात सुरक्षेच्या कामावर आलेला तो माणूस मिशीतल्या मिशीतही हसत नसे.

"दारू पेटल्यावर पहिलं मिनिट तुमचं," ते म्हणाले. "दुसरं मिनिट देवाचं. तिसरं मिनिट आजवर कुणी पाहिलेलं नाही."

डिसेंबर एकाहत्तरची ही गोष्ट. लढाई सुरू होऊन तीन दिवस झाले होते. आमच्या कारखान्यात काडतुसं भरायचं काम चाले. माणसं कमी पडली म्हणून दिवाळीआधी पहिल्यांदाच चाळीस बायका घेतल्या आणि त्यांना एक वेगळी शेड दिली. "बायकांच्या हाती दारू म्हणजे एक दिवस सगळेच उडणार," असं पुरुषांच्या शेडमध्ये उघड बोललं जायचं. आमच्याकडे पाहून कोणी कोणी कानांत बोटं घालून दाखवायचे.

मी त्या चाळिसांत नव्हते. मी झडतीवाली, यमुना घारगे. शेडला लागून कपडे बदलायची खोली होती, तिच्या दाराशी माझी जागा. आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या अंगावरची धातूची वस्तू उतरवून घ्यायची हे माझं काम. पिन, आकडा, जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र, सगळं. धातूवर धातू घासला आणि ठिणगी पडली तर संपलंच. म्हणून खोलीत खिळेसुद्धा नव्हते. भिंतीला लाकडी खुंट्या होत्या, एकीला एक. प्रत्येकीनं आपलं मंगळसूत्र आपल्या खुंटीला लावायचं आणि मग आत जायचं. शेवटची, एक्केचाळिसावी खुंटी माझी. तिच्यावर निळ्या कापडाची एक लहानशी पिशवी असायची.

माझे यजमान पासष्टच्या लढाईत गेले. म्हणून मला ही नोकरी मिळाली. आणि म्हणूनच बायकांना माझा हात नको असायचा. पहिल्याच दिवशी मी एकीच्या मानेकडे हात नेला तर ती विंचू दिसल्यासारखी मागे सरली. "ऱ्हाऊ द्या बाई, मी काढते माझं मी." भांडण नाही, अपशब्द नाही. पण त्या दिवसापासून एकीनंही मला आपल्या मंगळसूत्राला बोट लावू दिलं नाही. वाईट वाटायचं. पण त्यांचं चुकत होतं असंही मला तेव्हा म्हणता आलं नसतं. मीही लहानपणापासून तेच बघत आले होते.

तर कवायतीचा घोळ असा झाला होता. शेडच्या उजव्या अंगाला एक रुंद दार होतं, नुसतं ढकललं की बाहेर उघडणारं. घंटा झाली की हातातलं टाकून त्या दारानं सरळ बाहेर पडायचं, हा नियम. पण घंटा झाली आणि चाळीसच्या चाळीस जणी उलट्या, माझ्या खोलीकडे धावल्या. खुंट्यांसमोर ही गर्दी! "माझं कुठाय?", "ते माझं हाय, सोड," आणि मग प्रत्येकीनं गळ्यात मंगळसूत्र नीट घालून, वाट्या पुढे आहेत ना हे चाचपून, मगच उंबरठा ओलांडला. रित्या गळ्यानं उघड्यावर जायचं, तेही लढाईच्या दिवसांत, हे एकीच्याही मनाला शिवलं नाही.

मोकाशी साहेब, आमचे व्यवस्थापक, लांब उभे राहून हे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी पुन्हा कवायत. एका मिनिटात शेड रिकामी झाली नाही तर शनिवारपासून इथे पुरुष कामाला येतील. बायकांनी घरी जावं. मला चाळीस प्रेतं मोजायची नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, पण बोलणं शुक्रवारचंच. मी गोजरा निकमजवळ जाऊन बसले. गोजरा साताऱ्याकडची, उंच, हाडापेराची, शेडमध्ये सगळ्यांत जलद हाताची. तिचा नवरा पूर्वेच्या आघाडीवर होता. ती नियम मोडायची नाही, पण मोडायचा म्हटला तर बाकीच्या तिच्याच तोंडाकडे बघायच्या.

"गोजरा, तू नुसती दारानं सरळ गेलीस तर सगळ्या तुझ्यामागं येतील."

"आन् गळा?"

"एका मिनिटाचा तर प्रश्न आहे."

"बाई, त्यो तिकडं गोळ्या खातोय आन् मी हितं मोकळ्या गळ्यानं पळू? शेडात काढून ठेवते त्येच लई झालं. तुमाला काय, तुमचं तर..."

ती थांबली. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला.

"बोल की," मी म्हटलं. "माझं तर गेलंच आहे."

"तसं न्हवतं म्हणायचं मला."

तसंच म्हणायचं होतं. मी डबा उचलून उठले. राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. त्या रागातच मला माझी आई आठवली. पानशेतच्या पुरात आमचं घर वाहून गेलं, त्यात तिचं मंगळसूत्रही गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या छावणीत तिनं कुणाकडून तरी हळकुंड मागून घेतलं, पिवळ्या दोऱ्यात बांधलं आणि गळ्यात घातलं. पुढे वर्षभर तिच्या गळ्यात तेच होतं. त्या वर्षभरात तिला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुभेदारांच्या टेबलावर दोऱ्यात बांधलेलं एक हळकुंड ठेवलं.

"हे काय?"

"मंगळसूत्र. यात धातू नाही."

त्यांनी ते उचललं. खिशातून लोहचुंबक काढून त्याला लावून बघितलं. मग पितळी पट्टीवर घासलं, दगडावर आपटलं, नाकाशी नेऊन हुंगलं. मला हसू येत होतं, पण मी ते आवरलं.

"भुकटी सांडेल याची," ते म्हणाले. "कापडात शिवून घ्या. दोरा सुती. आणि हिसका दिला तर तुटला पाहिजे, कुठं अडकून बाई मागं राहायला नको." मग त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ती वाचली. "धातू नको असं लिहिलंय. हळद नको असं कुठं लिहिलेलं नाही."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली मी चाळीस हळकुंडं आणि सुताची गुंडी मांडली. जे सांगायचं ते सांगितलं. घरून निघताना मंगळसूत्राच्या आत हा दोरा घालायचा. खोलीत मंगळसूत्र खुंटीला, दोरा गळ्यातच. घंटा झाली की गळा रिता नाही, त्यामुळे मागे वळायचं कारण नाही.

कुणी पुढे होईना. कारण मला माहीत होतं. हळकुंडं मी आणलेली होती.

"हात माझा लागलेला नाही," मी म्हटलं. "दुकानदारानं पिशवीत घातली, मी पिशवी ओतली. बांधायचं काम तुमच्यातली कुणीतरी करा."

हे बोलताना माझा आवाज थोडा चिरकला. कलावतीला तो ऐकू गेला असावा. ती उठली, मांडी ठोकून मध्ये बसली आणि म्हणाली, "आणा गं इकडं. मी बांधते सगळ्यांचे. माझे दोन जावई हायेत, माझ्या हाताला काय कमी न्हाई."

मग सगळ्या सरकल्या. शिवण, गाठी, थट्टा. नूरजहाँ मुल्लाणी काळी पोत घालायची. ती बराच वेळ लांबून बघत होती. शेवटी म्हणाली, "मला नाही का?"

"तुला हळद चालती?" कलावतीनं विचारलं.

"कालवणात चालते, मग गळ्यात का नको? मी काय शेडबाहेरची आहे?"

तिलाही बांधला. उरली एक गोजरा. ती झाडाला टेकून उभी होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"पत्र आलं का?"

"न्हाई."

"तिकडं हुकूम झाला की त्यांना खंदकातून उठावंच लागत असेल ना गं? का ते म्हणत असतील, थांबा, माझा ताईत सापडू द्या?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. मग कलावतीपुढे गेली आणि मान वाकवली.

गुरुवारी दिवसभर आम्ही सुट्टीच्या वेळात सराव केला. धावायचं नाही, झपझप चालायचं. पुढचीच्या खांद्यावर हात ठेवायचा, तो चिंचेखाली पोचेपर्यंत काढायचा नाही. काही झालं तरी मागे वळायचं नाही. हे शेवटचं मी इतक्या वेळा सांगितलं की कलावती माझी नक्कल करून दाखवायला लागली. गोजराचा कामाचा पाट दारापासून सगळ्यांत लांब, म्हणून ती शेवटची, चाळिसावी. खोलीत कोणी शिरत नाही ना हे बघून मी तिच्यामागे जायचं ठरलं. चिंचेखाली पोचल्यावरच्या मोजणीत मात्र आकडे चाळीसवरच संपायचे. मी शेडच्या पटावर नव्हते. सुभेदार वहीत 'चाळीस अधिक एक' असं लिहायचे.

शुक्रवारी मोकाशी साहेबांनी स्वतः घंटा दिली. मी खोलीच्या दारात उभी होते. एकीचंही तोंड खोलीकडे वळलं नाही. दार ढकललं गेलं, रांग बाहेर पडली, मी गोजराच्या खांद्यावर हात ठेवला आणि बघता बघता आम्ही चिंचेखाली होतो.

सुभेदारांनी घड्याळ बघितलं. कानाला लावलं. पुन्हा बघितलं.

"बावन्न."

"काय बावन्न? मिनिटं?" पुरुषांच्या शेडमधून बघायला आलेला एकजण म्हणाला.

"सेकंद," सुभेदार म्हणाले. "तुमची गेल्या महिन्यातली कवायत एक मिनिट नऊ सेकंदांची होती. वहीत आहे. वाचून दाखवू?"

त्या दिवशी चिंचेखाली जो गलका झाला तो मुख्य फाटकापर्यंत ऐकू गेला म्हणतात. नोकरी वाचली होती. मोकाशी साहेबांनी टोपी काढून 'शाब्बास' म्हटलं आणि ते निघून गेले.

आणि मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाला काही मिनिटं असताना तिसऱ्या पाटावर झप्पकन उजेड झाला. कशानं, ते चौकशीत शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रेमधली चिमूटभर दारू पेटली आणि ज्वाळा पाटावरून पुढे सरकायला लागल्या. कलावतीनं घंटेची दोरी ओढली.

मी उंबऱ्याशी उभी होते. मला सगळं दिसत होतं. किंकाळी नाही, चेंगराचेंगरी नाही. हातातली काडतुसं खाली ठेवून त्या उठल्या. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर, दुसरीचा तिसरीच्या. धूर छताला लागला होता आणि त्याच्याखालून चाळीस पांढऱ्या टोप्या झपझप दाराकडे चालल्या होत्या. कुणीतरी खोकत होतं, नूरजहाँ तोंडानं काहीतरी म्हणत होती, पण रांग तुटली नाही. गोजरा माझ्यासमोर आली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि काढला.

आता सांगते. त्या निळ्या पिशवीत माझं मंगळसूत्र होतं. यजमान गेल्यावर ते उतरवलं, तेव्हापासून सहा वर्षं ते पेटीत होतं. शेडवर नेमणूक झाल्यावर मी ते पेटीतून काढलं आणि रोज पिशवीत घालून आणू लागले. सकाळी चाळीस जणी माझ्यासमोर गळ्यातलं काढून खुंटीला लावायच्या. माझ्याकडे काढायला काही नव्हतं. म्हणून मी सगळ्यांच्या आधी येऊन ती पिशवी माझ्या खुंटीला लावायची, आणि सुट्टी झाली की सगळ्यांच्या नंतर काढायची. एवढंच. त्या दहा-बारा पावलांवर, धुरामागे, माझी खुंटी होती. मी वळले. 'मागे वळायचं नाही' असं ज्या बाईनं चाळीस जणींना पढवलं होतं, ती बाई वळली.

तेवढ्यात माझ्या डगल्याच्या बाहीला असा हिसका बसला की मी पडता पडता वाचले. गोजरानं मला धरलं होतं. ती वळली नव्हती. तोंड दाराकडेच होतं, डावा हात पुढचीच्या खांद्यावर होता. फक्त उजवा हात मागे आला होता. खांद्यावरचं वजन गेलं, हे तिला कळलं होतं.

"मागं वळायचं न्हाई, बाई!" ती ओरडली. "तुमीच सांगितलंय न्हवं? चला!"

आणि तिनं मला ओढत बाहेर काढलं. मी रडत होते की धुरानं डोळे गळत होते, मला सांगता येणार नाही. दार, ऊन, बंधारा, चिंच.

"एक!" कलावतीचा आवाज आला. "दोन!" "तीन!" आकडे रांगेतून मागे मागे येऊ लागले. कुणाचा आवाज कापरा, कुणाचा घोगरा. मी प्रत्येक आकड्याला देवाचं नाव घेत होते. "अडतीस!" "एकोणचाळीस!" "चाळीस!" गोजरा म्हणाली आणि तिनं माझी बाही सोडली.

त्याच क्षणी बंधाऱ्यामागे शेड उडाली.

आम्ही सगळ्या जमिनीवर पडलो. अंगावर माती आणि चिंचेचा पाला बरसला. कान इतके बधिर झाले होते की समोर बोलणाऱ्यांची तोंडं नुसती हललेली दिसत होती. मोकाशी साहेब धापा टाकत धावत आले.

"किती गेल्या?" ऐकू यायला लागल्यावर मला ऐकू आलेले हे पहिले शब्द.

सुभेदार रणपिसे मातीत माखले होते. ते सावधान उभे राहिले. "एकही नाही साहेब. सगळ्या हजर." मग मुठीतलं घड्याळ त्यांनी पुढे धरलं. घंटा ऐकल्यावर सवयीनं त्यांनी ते सुरू केलं होतं. "चव्वेचाळीस सेकंद." हे सांगताना त्यांची मिशी थरथरत होती. हसत होते की रडत होते, मला कळलं नाही.

खोली जिथे होती तिथे आता खड्डा होता. चाळीस मंगळसूत्रं गेली, आणि त्यांच्याबरोबर माझंही. एका नव्या लग्नाच्या मुलीनं हुंदका दिला तशी कलावतीनं तिला जवळ ओढलं. "गप गं. तुझ्या नवऱ्याला सोनं पायजे का तू? गळा हाय नव्हं शाबूत? त्यात दोरा बी हाय." मुलीनं गळ्याला हात लावला, आणि मग एकेक करत सगळ्यांचे हात आपापल्या दोऱ्याकडे गेले. माझाही हात गेला. तिथे काही नव्हतं. गोजरानं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

गुरुवारी आम्हांला दुसरी शेड मिळाली. संध्याकाळच्या सुमाराला कँटीनमधला रेडिओ कुणीतरी मोठा केला. लढाई थांबली होती, आपण जिंकलो होतो. पुरुषांच्या शेडमधले लोक नाचत बाहेर आले आणि आमच्यापाशी येऊन थांबले. कानांत बोटं घालणाऱ्यांतला एकजण पुढे झाला आणि दोन्ही हातांनी नमस्कार करून गेला. तेवढ्यात सुभेदारांनी शिट्टी फुंकली. "लढाई थांबली, कवायत नाही. चिंचेखाली, फॉलिन!"

आम्ही हसत हसत चिंचेकडे निघालो. गोजरा माझ्यापाशी रेंगाळली. तिच्या मुठीत काहीतरी होतं. तिनं मूठ उघडली. पिवळा सुती दोरा, त्यात कापडात शिवलेलं हळकुंड.

मी मागे सरले. पहिल्या दिवशी ती बाई जशी सरली होती, तशीच. "गोजरा, मला नाही चालत. तुला माहीत आहे."

"नवऱ्याचा न्हाई ह्यो," ती म्हणाली. "शेडचा हाय. नूरीला चालतो, तुमाला न चालायला काय झालं? मान वाकवा."

"कुणी काही बोललं तर?"

"चव्वेचाळीस सेकंदांत बोला म्हणावं."

मी मान वाकवली. सहा वर्षांत कुणा सवाशिणीचा हात माझ्या गळ्याला लागला नव्हता. तिनं गाठ मारली, हिसका देऊन तुटेल ना हे नियमाप्रमाणे बघितलं, आणि माझ्या पुढे जाऊन उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मोजणी!" सुभेदार म्हणाले.

"एक!" कलावतीनं सुरुवात केली. आकडे येऊ लागले, खणखणीत, एकामागून एक. "चाळीस!" गोजरा म्हणाली. सुभेदारांनी सवयीनं वही उघडली, 'अधिक एक' लिहायला पेन टेकवलं, आणि थांबले. त्यांनी वर बघितलं. रांगेतल्या सगळ्या जणी समोर बघत उभ्या होत्या. मागे कुणी वळलं नाही. पण सगळ्या थांबल्या होत्या.

मी छातीभरून श्वास घेतला आणि इतक्या जोरानं ओरडले की चिंचेवरचे पोपट उडाले.

"एक्केचाळीस!"